सिद्ध कोणी करायचं? चॅलेंजर उड्डाणाच्या आदल्या रात्रीचा युक्तिवाद

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. अमेरिकेतल्या युटा राज्यात एका बैठकीच्या खोलीत फोनचं म्यूट बटण दाबलं गेलं. 'पाच मिनिटं द्या, आम्ही आपसांत बोलून घेतो,' असं पलीकडच्या नासाच्या लोकांना सांगून, चॅलेंजर अवकाशयानाची बूस्टर रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीची माणसं टेबलाभोवती वळली. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. फोन पुन्हा सुरू झाला तेव्हा कंपनीचं मत उलटलं होतं. आधी 'उद्या उडवू नका' म्हणणारी कंपनी आता 'उडवा' म्हणत होती. त्या अर्ध्या तासात नवी चाचणी झाली नव्हती, नवा आकडा आला नव्हता आणि हवामानाचा अंदाजही बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर यान फ्लोरिडातून झेपावलं आणि ७३ सेकंदांनी आकाशात त्याचे तुकडे झाले. आतले सातही जण गेले. ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका त्यांच्यात होती.

या घटनेची चर्चा निघाली की लांबलेलं वेळापत्रक, कंपनीचं कंत्राट, वरिष्ठांचा दबाव या गोष्टी पुढे येतात, आणि त्या खऱ्याच आहेत. पण शहाण्या, अनुभवी माणसांवर दबाव टाकायचा तर त्याला युक्तिवादाचं रूप द्यावं लागतं. मला इथे फक्त तो युक्तिवाद तपासायचा आहे. बैठकीत हजर असलेल्यांनी नंतर अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगापुढे साक्षी दिल्या, त्यामुळे कोण काय म्हणालं आणि त्याला काय उत्तर मिळालं हे बरंचसं कळतं. तर्कदोष ओळखायला शिकायचं असेल तर याहून चांगलं आणि याहून दुःखद प्रकरण मला माहीत नाही.

जोड आणि रबर

यानाच्या दोन बाजूंना घन इंधनाची दोन मोठी रॉकेटं असत, ती म्हणजे बूस्टर. ते अखंड नसत. त्यांचे भाग वेगवेगळे येत आणि उड्डाणस्थळी एकावर एक बसवून जोडले जात. प्रत्येक जोडात रबराची दोन कडी असत, ओ-रिंग. जाडी जेमतेम सात मिलिमीटर आणि व्यास पुऱ्या बूस्टरएवढा, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. इंधन पेटलं की आतल्या दाबाने पोलादी कवच किंचित फुगतं, जोडातली फट रुंदावते आणि त्याच क्षणी रबराने उसळून ती फट भरायची असते. पहिलं कडं चुकलं तर दुसऱ्याने सावरायचं, अशी मूळ कल्पना होती.

थंडीत रबर कडक होतं. किती, हे थायोकॉलच्या अभियंत्यांनी मोजलं होतं. दाबलेलं रबर सोडल्यावर किती लवकर पूर्ववत होतं, याची ती चाचणी होती. ३८ अंश सेल्सिअसला रबराचा धातूशी संपर्क सुटलाच नाही. २४ अंशांना तो २.४ सेकंद सुटला. १० अंशांना दहा मिनिटं वाट पाहिली तरी संपर्क परत आला नाही, शेवटी चाचणीच थांबवली. उड्डाणाच्या सकाळी ओ-रिंगचं तापमान उणे दोन अंशांच्या आसपास असेल, असा कंपनीचाच हिशेब होता.

म्हणून अभियंत्यांनी त्या संध्याकाळी घाईघाईत तक्ते तयार केले, काही तर हातानेच लिहिलेले, आणि शिफारस केली की ओ-रिंग ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असताना उडवू नका. १२ च का? तोवरचं सर्वांत थंड उड्डाण जानेवारी १९८५ मध्ये त्या तापमानाला झालं होतं. बूस्टर परत आणून उघडले तेव्हा पहिल्या कड्याच्या मागे काळीकुट्ट काजळी सापडली होती. तप्त वायू कड्याला ओलांडून गेला होता. ती काजळी डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी एक अभियंता म्हणजे रॉजर बोजोले. जुलै १९८५ मध्येच त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की या जोडाकडे लक्ष दिलं नाही तर मोठा अनर्थ होऊन माणसांचे जीव जातील.

'उबदार हवेतही काजळी आली होतीच की'

नासाच्या बाजूचा पहिला आक्षेप बिनतोड वाटतो. ऑक्टोबर १९८५ च्या एका उड्डाणात तापमान २४ अंश होतं, तरीही वायू निसटला होता. मग थंडीचा संबंध कुठे राहिला?

ओल्या रस्त्यावर गाड्या घसरतात, असं कोणी म्हटलं आणि दुसऱ्याने कोरड्या रस्त्यावर घसरलेली एक गाडी दाखवली, तर सिद्ध काय होतं? घसरण्याला दुसरीही कारणं असतात, एवढंच. ओलाव्याने घसरत नाही, हे मुळीच सिद्ध होत नाही. 'हे एकमेव कारण नाही' यावरून 'हे कारणच नाही' अशी उडी मारणं, हा दोष रोजच्या भांडणांतही इतका सर्रास दिसतो की तो दोष वाटेनासा होतो. बोजोलेकडे याचं उत्तर होतं. उबदार उड्डाणातली काजळी करडी आणि थोडी होती, थंड उड्डाणातली गडद काळी आणि पसरलेली. दोन्हींना 'काजळी' हा एकच शब्द लावल्यामुळे त्यांच्यातला फरक चर्चेतून निघून गेला.

याच मुद्द्यात एक खोल चूक दडलेली होती, आणि ती दोन्ही बाजूंनी केली. त्या रात्री नुकसान झालेल्या उड्डाणांचीच तुलना चालली होती. तोवर ज्या सात उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली, तीच फक्त तापमानाप्रमाणे मांडली तर थंड हवेतही इजा दिसते, उबदार हवेतही दिसते आणि निष्कर्ष निघत नाही. ज्या उड्डाणांत काहीच झालं नाही ती सगळी उबदार दिवसांची होती. ती त्याच आलेखावर ठेवली की चित्र बदलतं. जोडाचं तापमान साधारण १८ अंशांच्या खाली होतं अशी चार उड्डाणं, आणि चारही वेळा इजा. त्याहून उबदार अशी वीस उड्डाणं, आणि इजा फक्त तीनदा. हे आयोगाने अपघातानंतर मांडलं. आकडे आदल्या रात्रीही उपलब्ध होते. 'काही न घडलेल्या वेळा' हाही पुरावा असतो, हे कोणाच्या मनात आलं नाही.

'मग काय एप्रिलमध्ये उडवू?'

नासाच्या बाजूने बूस्टरची जबाबदारी लॅरी मलॉय यांच्याकडे होती. शिफारस ऐकून ते फोनवर उसळले, 'अरे देवा, थायोकॉल, मी उडवायचं तरी कधी? पुढच्या एप्रिलमध्ये?' त्यांचे वरिष्ठ सहकारी जॉर्ज हार्डी यांनी, ही शिफारस ऐकून आपण हादरलो, असं म्हटलं, पण कंपनीच्या मताविरुद्ध आपण जाणार नाही, असंही त्याच दमात सांगितलं.

एप्रिलपर्यंत थांबा, असं कोणीच म्हणालं नव्हतं. मागणी १२ अंशांची होती आणि फ्लोरिडात जानेवारीतही हवा तितकी तापते. समोरच्याचं म्हणणं ताणून हास्यास्पद करायचं आणि मग त्या ताणलेल्या रूपावर हल्ला चढवायचा, हे बुजगावणं उभं करणंच झालं. तरी मलॉय यांच्यावर अन्याय नको. १२ अंशांची अट एकदा मान्य केली की ती यापुढच्या प्रत्येक हिवाळी उड्डाणाला लागू होईल, आणि उड्डाणाच्या आदल्या रात्री असा नवा नियम करणं बरोबर नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो बोलून दाखवण्यासारखाच होता. पण नियम आदल्या रात्री सुचला म्हणून रबर कमी कडक होत नाही. नियम कधी आणि कसा करावा हा कार्यपद्धतीचा प्रश्न आहे, उद्या जोड टिकेल का हा पदार्थविज्ञानाचा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढला गेला.

अर्धा तास

म्यूट बटण दाबल्यावर काय झालं? कंपनीचे तिथे हजर असलेले सर्वांत वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन म्हणाले की आता आपल्याला व्यवस्थापनाच्या अंगाने निर्णय घ्यायचा आहे. बोजोले आणि त्याचा सहकारी आर्नी थॉम्पसन जागेवरून उठून टेबलाशी गेले. थॉम्पसनने जोडाची आकृती काढून दाखवली, बोजोलेने काजळीचे फोटो समोर ठेवले. समोरून प्रतिसाद नाही. शेवटी दोघेही आपापल्या जागी जाऊन बसले. मग मेसन अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख बॉब लुंड यांच्याकडे वळले, 'अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल.' चार व्यवस्थापकांनी मत दिलं आणि ठरलं.

टोपीच्या त्या वाक्यात प्रतिवाद नाही. 'तुझं म्हणणं चुकीचं आहे' असं मेसन म्हणाले नाहीत. त्यांनी लुंडना आपलं म्हणणं खोडून न काढताच बाजूला ठेवायला लावलं. युक्तिवादाला उत्तर न देता माणसाची भूमिका बदलून घ्यायची, आणि मग 'व्यवस्थापक म्हणून' तो काय म्हणतो ते विचारायचं. हे ओळखायला अवघड जातं, कारण ऐकताना त्यात कुठेच खोटं सापडत नाही.

पण सगळ्यांत मोठी उलथापालथ याहून आधीच झाली होती. उड्डाणापूर्वीच्या बैठकांत कंत्राटदार कंपनीने आपला भाग सुरक्षित आहे हे दाखवायचं आणि नासाने प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायचं, हा शिरस्ता होता. शंका असली की उड्डाण थांबायचं. त्या रात्री पारडं फिरलं. बोजोलेने आयोगाला सांगितलं की उड्डाण सुरक्षित नाही हे निःसंशय सिद्ध करण्याची जबाबदारी आमच्यावर आली आणि हे नेहमीच्या अगदी उलट होतं. लुंड यांची कबुली त्याहून बोलकी आहे. बूस्टर चालणार नाही हे सिद्ध करण्याच्या विचारचक्रात आम्ही अडकलो आणि ते आम्हाला पूर्णपणे सिद्ध करता आलं नाही, असं ते म्हणाले.

आपल्याकडे न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. गौतमाच्या सूत्रात वितंडेची व्याख्या आहे 'स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा', म्हणजे जिथे स्वतःचा पक्ष स्थापनच केला जात नाही, फक्त समोरच्याचा पाडला जातो. रोजच्या मराठीत आपण आरडाओरड्याला वितंडवाद म्हणतो, पण मूळ अर्थ जास्त धारदार आहे. त्या रात्री आवाज फारसे चढले नसतील, तरी चर्चा शुद्ध वितंडा झाली होती. उणे दोन अंशांना जोड टिकेल, हा पक्ष कोणी मांडलाच नाही.  अभियंत्यांचे तक्ते अपुरे आहेत एवढं दाखवलं गेलं आणि ते अपुरे ठरले की उड्डाण आपोआप योग्य ठरलं.

बोजोलेला तुझी भीती आकड्यांत मांड, असं सांगितलं गेलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की ती मांडायला माझ्याकडे आकडे नाहीत, पण आपण चांगल्यापासून दूर चाललो आहोत हे मला माहीत आहे. हा प्रामाणिकपणाच त्याच्या विरोधात गेला. त्या तापमानाचे आकडे नव्हते, कारण त्या तापमानाला कोणी कधी उडवलंच नव्हतं. ज्या अज्ञानामुळे थांबायला हवं होतं, तेच अज्ञान पुढे जाण्याचं कारण ठरलं.

फॅक्सचा कागद

फोन पुन्हा सुरू झाल्यावर थायोकॉलचे उपाध्यक्ष जो किलमिन्स्टर यांनी बदललेली शिफारस वाचून दाखवली आणि सही करून फॅक्सने पाठवली. तो एक पानाचा कागद मी अनेकदा वाचला आहे. त्याचे मुद्दे क्रमाने पाहावेत.

ओ-रिंग जानेवारी १९८५ च्या उड्डाणापेक्षा २० अंश फॅरनहाइटने जास्त थंड असतील. तापमानाची माहिती निर्णायक नाही. थंड ओ-रिंग जास्त कडक असतील. कडक ओ-रिंग जागेवर बसायला जास्त वेळ घेतील. तोवर पहिल्या कड्यावरून जास्त वायू निसटू शकतो.

इथपर्यंत, 'निर्णायक नाही' ही एक ओळ सोडली तर, हा बोजोलेचाच कागद आहे. पुढे वळण येतं. जानेवारी १९८५ च्या उड्डाणात कडं जितकं झिजलं त्याच्या तिप्पट झिजेपर्यंत ते टिकतं. पहिलं बसलं नाही तर दुसरं बसेल. आणि शेवटी, उड्डाण करावं, हे बूस्टर जानेवारी १९८५ च्या बूस्टरपेक्षा फारसं वेगळं नसेल.

पहिल्या ओळीत २० अंशांचा फरक आणि शेवटच्या ओळीत फारसा फरक नाही. मधल्या तीन ओळी फरक कशाने पडेल ते सांगतात. आधारविधानं एका दिशेने चालतात आणि निष्कर्ष दुसऱ्याच दाराने आत येतो. निष्कर्ष आधी ठरला असला की लिखाण बहुधा असंच होतं, म्हणून एक साधी तपासणी मी नेहमी करतो. शेवटची ओळ झाकायची, वरचं वाचायचं आणि आपल्याला काय सुचतं ते पाहायचं. या कागदाची शेवटची ओळ झाकून तो कोणालाही वाचायला द्या.

'तिप्पट' या शब्दावर आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नेमका घाव घातला. पूल ठरावीक वजनासाठी बांधला आणि त्या वजनाखाली तुळईला तिच्या जाडीच्या एक तृतीयांश तडा गेला, तर पूल कोसळला नाही म्हणून तिप्पट सुरक्षितता आहे असं म्हणता येत नाही. तडा जायलाच नको होता. ओ-रिंगही झिजण्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्यामुळे झीज हाच धोक्याचा इशारा होता. सुरक्षिततेचा शब्द बिघाड मोजायला वापरला गेला.

'पहिलं नाही तर दुसरं' हा आधारही डळमळीत होता. जोडाची फट उघडली की दुसऱ्या कड्यावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून नासाने हा जोड डिसेंबर १९८२ मध्येच 'पर्यायी आधार नसलेल्या' भागांच्या वर्गात टाकला होता. स्वतःच्या कागदपत्रांत जे नाकारलं होतं, तेच इथे आधार म्हणून आलं.

अशा कागदावर उड्डाणस्थळी हजर असलेल्या थायोकॉलच्या वरिष्ठ प्रतिनिधीने सही करायची असते. ते होते ॲलन मॅकडोनल्ड. त्यांनी नकार दिला, म्हणून सही किलमिन्स्टर यांना युटातून करावी लागली.

अभियंत्यांचाही तर्क लंगडा होता

हे सांगितल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही. १२ अंशांची मर्यादा तिथवरचा अनुभव होता म्हणून आली होती, तिथून धोका सुरू होतो म्हणून नव्हे. उबदार उड्डाणं आलेखात नव्हती. नासाचे लोक शिफारशीतल्या त्रुटी दाखवत होते तेव्हा त्यातल्या बऱ्याच त्रुटी खऱ्या होत्या.

पण एखाद्याचा युक्तिवाद कच्चा आहे यावरून त्याचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. तर्कदोष शिकू लागलेली माणसं हीच चूक हमखास करतात. समोरच्याच्या बोलण्यात दोष सापडला की वाद जिंकल्याचा आनंद होतो आणि मूळ प्रश्न टेबलावर तसाच राहतो. त्या रात्री हेच अधिकारवाणीने झालं. दोष दाखवणाऱ्याने पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा की मग खरं काय आहे आणि ते मला कशावरून कळलं?

दुसरी सावधगिरी आपल्यासाठी, म्हणजे आज मागे वळून पाहणाऱ्यांसाठी. यान कोसळलं म्हणून तो तर्क चुकीचा होता, असं म्हणणंही तितकंच सदोष आहे. त्या सकाळी यान सुखरूप वर गेलं असतं तरी फॅक्सचा कागद तितकाच पोकळ राहिला असता. आधीच्या चोवीस उड्डाणांनी हाच घात केला होता. काही वेळा झीज दिसली, तरी प्रत्येक वेळी यान परत आलं आणि परत येणं हाच झीज चालते याचा पुरावा मानला गेला. फाइनमन यांनी याला पिस्तुलाच्या रशियन जुगाराची उपमा दिली, पहिली गोळी सुटली नाही म्हणून पुढच्या चापाला धीर येतो.

बोजोलेला उड्डाण पाहायचं नव्हतं. सहकारी बॉब एबेलिंगने आग्रह करून त्याला टीव्हीसमोर बसवलं. त्यांना भीती होती ती प्रक्षेपणमंचावरच स्फोट होण्याची. यान मनोऱ्याच्या वर गेलं तसा जीव भांड्यात पडला. साठाव्या सेकंदाला एबेलिंग म्हणाला की मी आत्ताच देवाचे आभार मानले. धोका सर्वांत जास्त ओळखणाऱ्या माणसांनाही 'अजून काही झालं नाही' हे 'आता काही होणार नाही' असं वाटलं. प्रत्यक्षात इंधन पेटल्यावर एका सेकंदाच्या आतच उजव्या बूस्टरच्या जोडातून काळा धूर निघाला होता. तो चित्रफितींत नंतर सापडला. मग ती गळती काही काळ थांबली आणि ५९ व्या सेकंदाच्या सुमाराला त्याच भागातून ज्वाळा बाहेर आली.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडालं तेव्हा ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधन टाकीचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. फोम आधीच्या उड्डाणांतही आदळला होता आणि यानं परत आली होती. अभियंत्यांनी पंखाचे फोटो काढून घ्यावेत म्हणून विनंती केली, ती मान्य झाली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलासह सात जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात लिहिलं की परिस्थिती असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची वेळ अभियंत्यांवर आली होती, आणि हे नेहमीच्या अपेक्षेच्या उलट होतं. चॅलेंजरच्या आयोगापुढे बोजोलेने जवळजवळ हीच वाक्यं सतरा वर्षांपूर्वी उच्चारली होती.